सी मधल्या ईमेल प्रोग्रॅमच्या हेडर फाईल कशा आवरायच्या

सी मध्ये लिहिलेला कुठलाही जुना ईमेल प्रोग्रॅम उघडा, त्यात एक तरी हेडर फाईल, म्हणजे डॉट एच, अशी सापडतेच जिच्यात अख्ख्या गावाची फंक्शन डिक्लेरेशन्स येऊन पडलेली असतात. डिक्लेरेशन म्हणजे फंक्शनचं नाव, ते काय घेतं आणि काय परत देतं एवढं सांगणारी ओळ, खरा कोड डॉट सी फाईलमध्ये असतो. मी इथे मटचं उदाहरण धरून बोलणार आहे. मट म्हणजे मायकल एल्किन्सने १९९५ मध्ये सुरू केलेला टर्मिनलवरचा मेल क्लायंट, अजून जिवंत आहे, वापरणारे अजून आहेत, आणि कोड सगळ्यांना वाचायला मोकळा आहे त्यामुळे तुम्ही सोबत उघडून बसू शकता. फाईलींची आणि फंक्शनची नावं मी इथे देवनागरीत टाइप करतोय, कोडात ती रोमनमध्ये शोधा.

मटमध्ये प्रोटोज.एच नावाची एक फाईल आहे. प्रोटोटाइप्सची, म्हणजे डिक्लेरेशन्सचीच, म्हणून प्रोटोज. हिच्यात बराचसा भाग कसा लावलाय माहितीये का, फंक्शन काय परत देतं त्यावरून. म्हणजे ईमेल ॲड्रेसचा पॉइंटर, म्हणजे तो मेमरीत कुठे आहे ते, परत देणारी एकीकडे, बॉडीचा देणारी त्याखाली, मग कॅरेक्टर पॉइंटरवाली, मग काहीच परत न देणाऱ्या व्हॉइडवाल्यांची लांबलचक रांग, मग आकडा देणाऱ्या इंटवाल्यांची त्याहून लांब. आणि पुढे एक कॉमेंट येते, अनसॉर्टेड, आणि तिच्याखाली मेसेज बाउन्स करणारं आणि मेसेज पाठवणारं फंक्शन. अहो मेल क्लायंटमधलं मेल पाठवणारं फंक्शनच 'न लावलेल्या' सामानात! पण हसू नका, हे असंच होतं, जिथे जागा दिसली तिथे माणूस ओळ टाकतो आणि पुढे जातो.

आता परताव्याच्या प्रकाराने किंवा एबीसीडीने लावण्यात अडचण काय आहे ते आधी बघू, कारण पहिल्यांदा आवरायला घेणारे बरेच जण हेच करतात, सॉर्ट मारला की काम झालं असं वाटतं. अडचण ही की वाचणाऱ्याला जे हवंय ते त्यातून मिळतच नाही. मला हवं असतं की हे फंक्शन राहतं कुठल्या डॉट सी फाईलमध्ये आणि ते बोलवायचा अधिकार कोणाला आहे. ते इंट परत देतं हे तर ओळीच्या सुरुवातीलाच दिसतंय की. दुसरं म्हणजे ही फाईल जवळजवळ प्रत्येक डॉट सी मध्ये इन्क्लूड होते, त्यामुळे एका फंक्शनला एक आर्ग्युमेंट वाढवलं की मेक, म्हणजे बिल्ड करणारा प्रोग्रॅम, चालवल्यावर सगळा प्रोग्रॅम नव्याने कंपाइल होतो, ज्याचा त्या फंक्शनशी काडीचा संबंध नाही तोही. आणि दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या गोष्टींवर काम केलं तरी दोघांचे पॅच, म्हणजे केलेले बदल, याच फाईलमध्ये येऊन आपटतात.

म्हणून माझा पहिला सल्ला थोडा उलटा वाटेल. लावायला घेऊ नका, आधी कमी करा. हेडरमधली बरीच डिक्लेरेशन्स कुठल्याच हेडरमध्ये असायला नको असतात, ती त्या त्या डॉट सी फाईलची घरगुती फंक्शन्स असतात, कोणीतरी कधीतरी बाहेर टाकलेली. त्यांना स्टॅटिक करा, म्हणजे त्या फाईलीबाहेरून कोणाला बोलवता येणार नाही, आणि हेडरमधून ओळ उडवा.

आधी काढून टाका

शोधायचं कसं, तर सगळ्यात सोपा मार्ग गिट ग्रेप, सगळ्या कोडात शब्द शोधणारी कमांड. शब्द पूर्ण जुळवायचा फ्लॅग लावून फंक्शनचं नाव शोधा, एकाच डॉट सी मध्ये आणि हेडरमध्ये दिसलं, बाकी कुठे नाही, की ते स्टॅटिकचं उमेदवार. ऑब्जेक्ट, म्हणजे कंपाइल होऊन निघालेल्या, फाईलींवर एनएम ही त्यातली नावं दाखवणारी कमांड चालवूनही हेच कळतं, कोण काय देतंय आणि कोण काय मागतंय, दोन याद्या बनवून वजा केल्या की जे दिलंय पण कोणीच मागत नाही ते समोर येतं. मला ग्रेप जास्त भरवशाचं वाटतं, का ते सांगतो. एनएम फक्त तुम्ही जे कंपाइल केलंय तेवढंच बघतं. मेल प्रोग्रॅममध्ये अर्धा कोड अटींच्या आत असतो, सर्व्हरवरचं मेल घ्यायला आयमॅप हवंय का, पॉप हवंय का, पाठवायला एसएमटीपी हवंय का, सुरक्षित कनेक्शनसाठी ओपनएसएसएल की ग्नूटीएलएस, एन्क्रिप्शनची लायब्ररी जीपीजीएमई आहे की नाही. तुमच्या मशीनवर पॉप बंद ठेवून कंपाइल केलं असेल तर पॉपवाला एकच कॉलर दिसणारच नाही आणि तुम्ही खुशाल फंक्शन स्टॅटिक करून मोकळे व्हाल, मग पॉप चालू असलेल्या कोणाकडे तरी बिल्ड तुटेल. तर या कामाला बसताना कॉन्फिगर करतानाच सगळं चालू करा, एनेबल-आयमॅप, एनेबल-पॉप, एनेबल-एसएमटीपी, हेडर कॅश, जीपीजीएमई, सगळं. आणि एकदा सगळं बंद ठेवूनही बिल्ड करून बघा. आणखी एक, मटसोबत मट_डॉटलॉक आणि मट_पीजीपीरिंग असे छोटे वेगळे प्रोग्रॅमही बनतात, त्यांना लागणारी फंक्शन्स मुख्य प्रोग्रॅममध्ये कोणी वापरत नसलं तरी हलवू नका.

स्टॅटिक केल्याचा एक फायदा लगेच दिसतो. आता कंपाइलरला माहितीये की हे फंक्शन बाहेरून कोणी बोलवूच शकत नाही, म्हणजे आतूनही कोणी बोलवत नसेल तर तो न वापरलेलं फंक्शन म्हणून वॉर्निंग देतो. जुन्या कोडात अशी मेलेली फंक्शन्स निघतातच, हेडरमध्ये नाव होतं म्हणून आजवर कंपाइलर गप्प होता.

मग जीसीसी या सी कंपाइलरला मोठा डब्ल्यू लावून मिसिंग-प्रोटोटाइप्स हा फ्लॅग द्या. स्टॅटिक नसलेलं एखादं फंक्शन हेडरमधल्या डिक्लेरेशनशिवाय लिहिलंय असं दिसलं की तो ओरडतो. याच्या उलट बाजूला, डिक्लेरेशन न बघताच फंक्शन बोलवलंय, ही गोष्ट सी९९ पासूनच, म्हणजे सी भाषेच्या १९९९ च्या आवृत्तीपासूनच, स्टँडर्डमध्ये नाहीये पण जीसीसी वर्षानुवर्षं नुसती वॉर्निंग देऊन सोडून द्यायचा. २०२४ च्या जीसीसी १४ पासून ती सरळ एरर झाली. बरंच झालं, कारण डिक्लेरेशन दिसलं नाही की कंपाइलर धरून चालायचा की इंट परत येणार, आणि ६४ बिट मशीनवर पॉइंटर परत देणाऱ्या फंक्शनचे वरचे ३२ बिट कापले जायचे, मग प्रोग्रॅम कधी पडायचा कधी नाही पडायचा, शोधत बसा.

कोण बोलवतं त्यावरून गट करा

आता जे उरलं ते लावायचं. नियम साधा, प्रत्येक डॉट सी ला तिच्याच नावाची डॉट एच. मटमध्ये चांगली उदाहरणंही आहेत, सगळं प्रोटोजमध्येच आहे असं नाही. आरएफसी२०४७.सी घ्या, विषयाच्या ओळीत मराठी लिहिलं तर ते आस्की, म्हणजे साध्या इंग्रजी, अक्षरांत गुंडाळून पाठवायचं आणि आलेलं उलगडायचं हे काम तिचं, स्टँडर्ड नोव्हेंबर १९९६ चं, आणि तिची स्वतःची छोटी डॉट एच आहे ज्यात एन्कोड-डिकोडची मोजकी फंक्शन्स. उघडली की दहा सेकंदात कळतं ही फाईल जगाला काय देते. कॉपी.एच पण बघा, मेसेज कॉपी करायची फंक्शन्स आणि त्यांना द्यायचे सीएम आणि सीएच ने सुरू होणारे फ्लॅग एकाच फाईलमध्ये शेजारी शेजारी. फ्लॅग एका हेडरमध्ये आणि ते घेणारं फंक्शन दुसऱ्यात, असं कधी ठेवू नका.

मटलिब.सी सारख्या फाईलींचं काय करायचं, हा खरा प्रश्न. तिच्यात पाथ वाढवण्यापासून तात्पुरती फाईल बनवण्यापर्यंत काय वाट्टेल ते आहे, माळ्यावरच्या सामानासारखं, टाकवत नाही आणि नाव देता येत नाही. इथे हेडर आवरण्याचा प्रश्नच नाही, डॉट सी च तोडावी लागते. पण ते एका दिवसात होत नाही, तोपर्यंत निदान हेडरमध्ये गट करा आणि प्रत्येक गटाच्या डोक्यावर फाईलीच्या नावाची कॉमेंट टाका. मटच्या पॉप.एच मध्ये असंच आहे, ऑथेंटिकेशनवाल्या फाईलीतली एका गटात, लायब्ररीवाल्यातली दुसऱ्या, मुख्य पॉप.सी मधली तिसऱ्या. फार काही भारी नाही पण वाचता येतं.

त्यापुढची पायरी आयमॅपच्या डिरेक्टरीत दिसते आणि मला वाटतं नक्कल करायची असेल तर याची करा. तिथे दोन हेडर आहेत. आयमॅप.एच ही बाहेरच्यांसाठी, मेलबॉक्स सिंक करा, शोधा, नवीन फोल्डर बनवा, सगळीकडून लॉगआउट व्हा, असली कामं. आणि आयमॅप_प्रायव्हेट.एच ही फक्त त्या डिरेक्टरीतल्या फाईलींसाठी, तिच्यात सर्व्हरला कमांड पाठवून उत्तराची एकेक ओळ वाचणारी फंक्शन्स आणि कनेक्शनची सगळी अवस्था धरणारं आयमॅप डेटाचं स्ट्रक्ट, म्हणजे एकत्र बांधलेली माहिती. मेसेज दाखवणाऱ्या पेजरने किंवा मेल लिहायच्या कंपोज मेन्यूने ही दुसरी फाईल इन्क्लूड केलेली दिसली तर तिथेच थांबवायचं, रिव्ह्यूमध्ये पकडायला इतकं सोपं दुसरं काही नाही. बाकीच्या प्रोग्रॅमला आयमॅपचा डेटा दिसतो तो फक्त कॉन्टेक्स्टमधल्या, म्हणजे उघड्या मेलबॉक्सच्या स्ट्रक्टमधल्या, एका व्हॉइड, म्हणजे प्रकार न सांगणाऱ्या, पॉइंटरच्या रूपात, आत काय आहे त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. स्टॅटिकने एका फाईलीपुरतं लपवता येतं, पण पाच-सहा फाईलींनी मिळून एक काम केलं की त्यांच्यात आपापसात लागणारं आणि बाहेर न दाखवायचं असं जे असतं त्याला सी मध्ये जागाच नाही, ती जागा म्हणजे ही प्रायव्हेट हेडर.

आणि डिक्लेरेशन्स कमी करायची सगळ्यात जबरदस्त युक्ती म्हणजे फंक्शन पॉइंटरचं टेबल. एमबॉक्स, मेलडिर, एमएच, एमएमडीएफ, आयमॅप, पॉप हे मेलबॉक्सचे प्रकार, प्रत्येकाला उघडणं, बंद करणं, नवीन मेल आलंय का बघणं, मेसेज उघडणं, सिंक करणं हे सगळं करावं लागतं. प्रत्येकाचं प्रत्येक फंक्शन हेडरमध्ये टाकलं तर तीसेक ओळी कुठे नाही गेल्या, आणि वापरणाऱ्या फाईलीत जिथे तिथे स्विच केस. मटने नंतर एमएक्स_ऑप्स नावाचं स्ट्रक्ट केलं, त्यात हे सगळे पॉइंटर, आणि प्रत्येक प्रकाराने फक्त एक टेबल बाहेर द्यायचं. हेडरमध्ये त्या टेबलांची एक्स्टर्न, म्हणजे 'हे दुसऱ्या फाईलीत आहे' असं सांगणारी, डिक्लेरेशन्स आहेत, एका प्रकाराला एक ओळ. मेलडिर उघडणारं फंक्शन आता स्टॅटिक होऊ शकतं. हेच क्रिप्टोसाठीही, म्हणजे मेलच्या एन्क्रिप्शनसाठीही, केलंय, पीजीपी आणि एसमाइमची मॉड्यूल्स एका स्ट्रक्टच्या मागे. फक्त ग्रेप करताना लक्षात ठेवा की अशी फंक्शन्स नावाने कोणी बोलवत नाही, टेबलात एकदाच दिसतात, ती मेलेली समजून उडवू नका.

निओमट हा मटचाच २०१६ मधला फोर्क, म्हणजे त्याच कोडातून फुटलेला वेगळा प्रोजेक्ट, रिचर्ड रसनने चालवलेला, त्यांनी ही वाट शेवटपर्यंत नेली. कोड डिरेक्टऱ्यांमध्ये तोडला, प्रत्येक डिरेक्टरीला एक लिब.एच, बाहेरच्याने फक्त तीच इन्क्लूड करायची. छोट्या प्रोग्रॅमला एवढं लागत नाही माझ्या मते, आठ-दहा डॉट सी असतील तर उगाच डिरेक्टऱ्या करू नका.

इन्क्लूडचा क्रम आणि स्ट्रक्टची भानगड

हेडर फोडायला घेतलं की पहिली ठेच लागते स्ट्रक्टची. नवीन डॉट एच मध्ये एक डिक्लेरेशन टाकलं ज्यात हेडरचा पॉइंटर आहे, म्हणजे ईमेलचं हेडर, आणि ते स्ट्रक्ट तर मट.एच मध्ये, मग मट.एच इन्क्लूड केली, तिने अजून दहा ओढल्या, झालं, होतो तिथेच. गरज नाहीये त्याची. नुसता पॉइंटर असेल तर स्ट्रक्ट हेडर आणि पुढे सेमीकोलन एवढी एक ओळ वर टाका, कंपाइलरला पुरतं. ती ओळ मात्र फंक्शनच्या आधी हवीच, नाहीतर ते स्ट्रक्ट फक्त त्या कंसापुरतंच जन्माला येतं आणि बाहेरच्या त्याच नावाच्या स्ट्रक्टशी जुळत नाही, जीसीसी तशी वॉर्निंग देतो पण वाचून पटकन उलगडा होत नाही. टाइपडेफ केलेली, म्हणजे प्रकाराला दिलेली दुसरी, मोठ्या अक्षरातली नावं, मटमध्ये आहेत तशी, इथे त्रास देतात कारण टाइपडेफ परत लिहायची परवानगी सी११ पासूनच. निओमटने टाइपडेफ काढून सरळ स्ट्रक्ट ईमेल, स्ट्रक्ट मेलबॉक्स असं लिहायला घेतलं त्यात हाही फायदा आहे.

डॉट सी मध्ये क्रम असा ठेवा, सगळ्यात आधी कॉन्फिग.एच, जी कॉन्फिगर करताना बनते, मग सिस्टीमच्या लागतील त्या, आणि आपल्या हेडरांमध्ये पहिली त्या फाईलीची स्वतःची. काही जण स्वतःची हेडर सिस्टीमच्याही आधी ठेवतात, म्हणजे ती हेडर एकटी कंपाइल होते का ते आपोआप तपासलं जातं, दोन्ही चालेल पण कॉन्फिग.एच पहिली याला अपवाद नाही. हे नुसतं वळण म्हणून सांगत नाहीये. ३२ बिट सिस्टीमवर मोठ्या फाईलींसाठीची व्याख्या कॉन्फिग.एच मध्ये येते, ती लागली की ऑफ_टी, फाईलीतली जागा सांगणारा प्रकार, आठ बाइटचा, नाही लागली तर चारचा. मटच्या हेडर स्ट्रक्टमध्ये मेसेज फाईलीत कुठे सुरू होतो तो ऑफसेट असतो. एका डॉट सी ने कॉन्फिग.एच विसरली तर त्या फाईलीला त्याच स्ट्रक्टची लांबी वेगळी दिसते, पुढची सगळी फील्ड सरकलेली, कंपाइलर आणि लिंकर दोघेही काही बोलत नाहीत, आणि एमबॉक्स फाईलीत भलत्याच जागी लिहिलं जातं. लोकांच्या मेलवर चालणारा प्रोग्रॅम आहे हा, तिथे असला प्रकार नको.

प्रत्येक नवीन हेडर एकटी उभी राहते का बघायला जीसीसीला फक्त-सिंटॅक्स तपासायचा फ्लॅग द्या, कॉन्फिग.एच सक्तीने आधी घ्यायला लावा आणि ती एकच डॉट एच द्या. दोन ओळींचा लूप लिहून सगळ्या हेडरांवर फिरवा. गार्ड, म्हणजे हेडर दोनदा आत येऊ न देणारी अट, प्रत्येक फाईलीला हवाच, नाव अंडरस्कोर आणि लगेच मोठं अक्षर असं सुरू करू नका, ती नावं कंपाइलर आणि लायब्ररीसाठी राखीव आहेत. जुन्या कोडात सर्रास दिसतात, ती मुद्दाम बदलत बसायला जाऊ नका, नवीन लिहिताना पाळा.

ग्लोबल व्हेरिएबल्सबद्दल थोडक्यात. मटच्या ग्लोबल्स.एच मध्ये व्हेअर नावाचा मॅक्रो, म्हणजे कंपाइल होण्याआधी बदलला जाणारा शब्द, वापरलाय, मेन.सी मधून इन्क्लूड केलं की तो रिकामा होतो आणि बाकीकडे एक्स्टर्न होतो, म्हणजे एकाच फाईलीतून डिक्लेरेशनही आणि डेफिनिशनही. चलाख आहे, पण नवीन माणसाला समजावून सांगायला वेळ लागतो. सरळ एक्स्टर्न हेडरमध्ये आणि खरं व्हेरिएबल एका डॉट सी मध्ये ठेवा. एक्स्टर्न विसरलात तर पूर्वी जीसीसी चालवून घ्यायचा, २०२० च्या जीसीसी १० पासून लिंकर दोनदा डिफाइन केलंय म्हणून अडवतो.

एकेक ओळ कशी लिहायची

आर्ग्युमेंटला नावं द्या. सी म्हणतो नुसता प्रकार चालेल, आणि जुन्या लोकांना तेच आवडायचं. पण मेसेज कॉपी करणाऱ्या फंक्शनच्या शेवटी दोन इंट आहेत, एक सीएम फ्लॅगसाठी आणि एक सीएच साठी, नावं नसली आणि तुम्ही उलटसुलट दिले तर कंपाइल बिनबोभाट होणार. दोन फाईल पॉइंटर घेणारंही एक आहे त्यात, वाचायचा कुठला आणि लिहायचा कुठला हे हेडरमध्ये बघून कळलं पाहिजे, डॉट सी उघडायला लागू नये. काही न घेणाऱ्या फंक्शनच्या कंसात व्हॉइड लिहा, सी२३ च्या आधी रिकामा कंस म्हणजे 'काहीही चालेल' असा होतो. जे फंक्शन मेमरी परत देतं त्याच्यावर एक ओळ कॉमेंट, फ्री कोणी करायची. एवढी एकच कॉमेंट लिहिलीत आणि बाकी एकही नाही लिहिली तरी माझी तक्रार नाही.

प्रिंटएफसारखं फॉरमॅट घेणाऱ्या फंक्शनला फॉरमॅटचं ॲट्रिब्यूट लावाच, म्हणजे फॉरमॅट आणि आर्ग्युमेंट जुळतात का ते कंपाइलर तपासतो. मट_एरर हे खरं तर फंक्शन पॉइंटर आहे, स्क्रीन सुरू व्हायच्या आधी एका फंक्शनकडे बोट आणि नंतर दुसऱ्याकडे, तर पॉइंटरच्या डिक्लेरेशनलाही ॲट्रिब्यूट लागतं, खाली दोन्ही फंक्शनला लावून भागत नाही. मेल प्रोग्रॅममध्ये हे जास्त महत्त्वाचं कारण एररचा मजकूर बऱ्याचदा सर्व्हरकडून आलेला असतो, तो थेट फॉरमॅट म्हणून दिला आणि सर्व्हरने त्यात टक्के-एन घातलं तर समोरच्याला तुमच्या मेमरीत लिहिता येतं. फॉरमॅट-सिक्युरिटीची वॉर्निंग चालू ठेवा म्हणजे कंपाइलर अशा जागा दाखवतो.

अटींच्या आतली डिक्लेरेशन्स, मटमध्ये एसएमटीपीने पाठवायचं फंक्शन युज_एसएमटीपी असेल तरच डिक्लेअर होतं. हे मी करणार नाही. नुसत्या डिक्लेरेशनने बायनरी वाढत नाही, ते उघडंच ठेवा, अट बोलवणाऱ्या जागी ठेवा. सिस्टीममध्ये एखादं फंक्शन नसेल म्हणून आपण दिलेलं, सेटएन्व्ह वगैरे, तिथे मात्र अट लागतेच, नाहीतर सिस्टीमच्या डिक्लेरेशनशी भांडण. ती सगळी एका वेगळ्या कम्पॅट.एच मध्ये हलवा, प्रोटोजमध्ये त्यांचं काही काम नाही.

हलवाहलव करताना जुनी प्रोटोज.एच लगेच मारू नका. एक गट नवीन हेडरमध्ये हलवा, प्रोटोजमध्ये त्या जागी नवीन हेडरचा इन्क्लूड टाका, बिल्ड करा, कमिट करा. त्या कमिटमध्ये स्पेसिंग नीट करणं, नावं बदलणं असलं काही मिसळू नका, नुसती हलवणूक, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याला आणि पुढे गिट ब्लेममध्ये कुठली ओळ कोणी लिहिली ते बघणाऱ्याला त्रास नाही. मटसारख्या प्रोजेक्टला बाहेरचे पॅच बरेच असायचे, साइडबारचाच बघा, २०१६ मध्ये मट १.७ मध्ये आत आला त्याआधी वर्षानुवर्षं लोक वेगळा लावून चालवायचे. असे पॅच सांभाळणारे कोणी असतील तर त्यांना आधी कळवा आणि रिलीजच्या लगेच नंतर हे काम काढा. सगळे गट हलले की मग प्रत्येक डॉट सी मध्ये तिला खरंच लागणाऱ्या हेडर टाकत जा आणि प्रोटोजचा इन्क्लूड काढत जा. जीसीसीला मोठा एच दिला की कोणी कोणाला ओढलंय त्याचं झाड दिसतं, त्यात अजून कुठे प्रोटोज लोंबकळतेय ते लगेच सापडतं. शेवटचा इन्क्लूड गेला की फाईल गिटमधून काढा, मेकफाईलमधल्या यादीतूनही काढा, नाहीतर मेक डिस्ट, म्हणजे रिलीजचं पॅकेज, करताना तीच नाही म्हणून अडेल.